यंदा कुणालाच काही बोलायचं नाही?

डोंबिवलीच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. वय सत्तेचाळीस. फोर्टमध्ये नोकरी, रोजची लोकल, घरी नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. त्या लिहितात की चुकीचं काही दिसलं की त्यांना गप्प बसवत नाही. डब्यात पूर्ण आवाजात रील्स पाहणाऱ्या बायका, मैत्रिणीसाठी पर्स ठेवून अडवलेली सीट, सोसायटीच्या पॅसेजमध्ये मांडलेली चपलांची कपाटं, ओला-सुका एकत्र केलेला कचरा, लिफ्टमध्ये समोरासमोर उभे राहूनही न हसणारे शेजारी. या प्रत्येक वेळी त्या बोलतात. सोसायटीत त्यांना मागून 'हेडबाई' म्हणतात. दिवाळीत सगळे बाहेर जेवायला गेले असताना नंबर चुकवून आत शिरलेल्या एका कुटुंबाला त्यांनी हटकलं. स्वतः त्या यादीत बऱ्याच मागे होत्या. शब्दाने शब्द वाढला, कुणीतरी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं आणि मुलगा न जेवता रिक्षाने घरी निघून गेला. तेव्हापासून तो त्यांच्याबरोबर बाहेर जायचं टाळतो. नवरा म्हणतो, "तुला काय करायचंय?" म्हणून त्यांनी ठरवलंय, १ जानेवारीपासून वर्षभर कुणालाही काहीही बोलायचं नाही. पण मनाला ते पटत नाही. "हा शहाणपणा की हार? मीही इतरांसारखीच होऊन जाईन का?" असं त्या विचारतात.

ताई,

आधी स्पष्टच सांगते, तुमचा संकल्प जानेवारीचा पहिला आठवडाही टिकायचा नाही. तुमच्या निग्रहाबद्दल शंका आहे म्हणून म्हणत नाहीये. सुट्ट्या संपून पहिल्याच सोमवारी डबा पुन्हा गच्च भरेल, शेजारची बाई पनीर टिक्क्याची रील दणक्यात लावेल आणि तुम्ही ओठ मिटून बसाल. घाटकोपरपर्यंत बसाल. मग संध्याकाळी घरी आल्यावर मुलाने पलंगावर टाकलेला ओला टॉवेल दिसेल आणि घाटकोपरपर्यंत दाबून धरलेलं सगळं त्या टॉवेलवर निघेल. बाहेरच्यांना न बोललेलं घरच्यांना ऐकावं लागतं. मुलाला जवळ आणायला जे व्रत घ्यायचं, त्याचा पहिला प्रसाद त्यालाच मिळायचा.

समजा जिद्दीने पाळलंतच. तोंड बंद राहील, पण आतली वही चालूच राहणार ना? कोण कसं वागलं, कुणी काय कुठे टाकलं, कोण हसलं नाही, सगळ्याची नोंद. तुमचं पत्र वाचताना मला तुमच्या बोलण्यापेक्षा या वहीची जास्त काळजी वाटली. बोलण्याने माणूस तेवढ्यापुरता दमतो, नोंदी ठेवण्याने कायमचा.

तुमच्या पत्रात एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: "आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही." या वाक्याशी मला जरा भांडायचंय.

तुम्ही ज्या डब्यातून रोज जाता तोच डबा बघा. तिघींसाठी केलेल्या बाकावर चौथी बसते. अर्धी अधांतरी, पाय वाटेत, पण बसते. 'जरा सरका' म्हटलं की तिघी सरकतात. कपाळाला आठ्या पडतील, पण सरकतात. चौथी सीट रेल्वेने कुणाला दिलेली नाही. "तुम्ही कुठे?" "घाटकोपर." "मग मला द्या." एवढ्या बोलण्यात जागेचा सौदा पक्का होतो आणि मुलुंडला चढलेल्या बाईने मध्येच बूड टेकायचा प्रयत्न केला तर दोन अनोळखी बायका तुमची बाजू घेतात, "अहो, त्यांनी आधी विचारलंय." ठाणं यायच्या आधी उतरणाऱ्या आणि न उतरणाऱ्या आपोआप जागा बदलतात. दसऱ्याला याच डब्यात झेंडूच्या माळा लागतात, त्यासाठी वर्गणी जमते, कुणीतरी तिचा हिशोबही ठेवते. हे सगळं शिस्तीशिवाय चालतं का?

आणि ती रीलवाली याच बाकावर असते. चौथीसाठी ती सरकते, जागेचा शब्द पाळते, फोनचा आवाज मात्र कमी करत नाही. तिच्यावर संस्कारच नाहीत म्हणावं, तर मग ते एकाच बाबतीत कसे नाहीत?

माझा अंदाज असा. चौथ्या सीटचं ठरून गेलंय. कधी आणि कुणी ठरवलं कुणास ठाऊक, पण ठरलंय. त्याचा फायदा फिरता आहे, आज उभी असलेली उद्या बसते. आणि ते मागायला एक तयार वाक्य आहे, ज्यात राग नाही, उपदेश नाही, कुणाचा अपमान नाही. फोनच्या आवाजाबद्दल अजून असं काही ठरलेलं नाही. डेटा स्वस्त झाला तो २०१६ नंतर. त्याआधी हा त्रास या प्रमाणात नव्हताच. तुम्ही तिला हटकता तेव्हा तुम्हाला वाटतं, आपण सगळ्यांना माहीत असलेल्या नियमाची आठवण करून देतोय. तिला वाटतं, ही कोण मला शिकवणारी? तिने कधी 'हो' म्हटलेलंच नाही अशा नियमाचा दंड तुम्ही तिच्याकडून वसूल करताय.

या नजरेने तुमची यादी पुन्हा वाचा. ती एका जातीची राहत नाही.

काही गोष्टी कायद्यानेच ठरल्या आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे हॉर्न नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणं ही ज्याच्या घरात तो होतो त्याची जबाबदारी, हे घनकचऱ्याच्या नियमांत आहे. इथे नियमाला मालक आहे: पोलिस, पालिका, सोसायटीची कमिटी. तुम्ही जिन्यात उभं राहून कुणाशी भांडायची गरज नाही. ज्याचं काम त्याच्यापर्यंत लेखी पोचवायचं, आणि पोच घ्यायची. कायदा आहे म्हणून सगळं सुधारतं असं मात्र मी म्हणणार नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि सरकारी कार्यालयांचे जिने अजून लालच आहेत. कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या की थुंकणारा एक पायरी वर जाऊन थुंकतो, एवढीच काय ती प्रगती.

काही गोष्टी ठरायच्या आहेत. रील्स, पर्सने अडवलेली सीट. त्यांच्याकडे येते.

आणि लिफ्टमध्ये न हसणारे शेजारी? ताई, हा नियमच नव्हे. ही तुमची हौस आहे. चांगली हौस आहे, पण समोरच्यावर तिचं कर्ज नाही. तो माणूस नोकरी जाण्याच्या भीतीत असेल, कुणाला तरी दवाखान्यात सोडून आला असेल, किंवा नुसताच लाजाळू असेल. लिफ्टमध्ये प्रत्येकाने हसलंच पाहिजे असा ठराव कुठल्या सोसायटीत झाला तर मी तिथून घर बदलेन. ही नोंद तेवढी वहीतून आजच खोडा. नवीन वर्षाची वाट बघू नका.

आता रील्स. तुम्ही लिहिलंय, "मी वीस मिनिटं सहन करते आणि मग बोलते, तरी त्यांना राग येतो." ताई, त्या 'तरी'च्या जागी 'म्हणून' लिहा. वीस मिनिटांचा राग तुमच्या आवाजात असतो आणि समोरचीला त्यातलं एकही मिनिट ठाऊक नसतं. तिच्या दृष्टीने एक बाई अचानक तिच्या अंगावर आली. पहिल्याच मिनिटाला, अजून तुमचं डोकं थंड असताना बोला. "ताई, आवाज जरा कमी करता? मला थोडे डोळे मिटायचेत." यात तिची चूक कुठेच नाही, फक्त तुमची गरज आहे, आणि सकाळच्या लोकलमध्ये डोळे मिटायची गरज खोटी कधीच नसते. 'तुम्हाला कळत नाही का' हा प्रश्न कायमचा सोडून द्या. त्याला भांडणाशिवाय उत्तरच नाही. तिने आवाज थोडासाच कमी केला तरी 'थँक्यू' म्हणा आणि मान वळवा. किती कमी केला यावर लक्ष ठेवून बसू नका. चारचौघींत तिला हरल्यासारखं वाटलं की ती पुढच्या स्टेशनला पुन्हा वाढवणार, तुम्हीही वाढवला असता.

नाहीच ऐकलं तर? तर नाही ऐकलं. एकदा सांगितलंत, तुमचं काम झालं.

पर्स ठेवलेल्या सीटबद्दल, "ती येईपर्यंत बसते, आली की उठते" हे वाक्य वापरून बघा. त्याला नाही म्हणणं अवघड जातं. मैत्रीण आली तर खरंच उठायचं, ही अट मात्र आहे. तिथे फसवाफसवी केलीत तर हे वाक्य डब्यातून कायमचं बाद होईल.

हॉटेलच्या प्रसंगाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुमच्या घरातली जखम तिथली आहे. अमेरिकेत स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या तिकीट खिडक्यांसारख्या खऱ्याखुऱ्या रांगांत मुद्दाम माणसं घुसवली होती. कोण हरकत घेतं ते बघायला. १९८६ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. एक जण घुसला तर साधारण निम्म्याच रांगांतून आवाज उठला. आणि तो सगळ्यात जास्त वेळा घुसणाऱ्याच्या लगेच मागच्याने उठवला. मग त्यांनी काय केलं, घुसणाऱ्याच्या मागे आपलीच दोन माणसं आधीपासून उभी ठेवली आणि त्यांना गप्प राहायला सांगितलं. त्यामागचे लोकही जवळजवळ गप्पच राहिले. ज्याचं थेट नुकसान तोच बोलत नाही म्हटल्यावर बाकीच्यांना वाटलं असणार, असेल काहीतरी कारण, ओळखीचा असेल.

हे वाचून न्यूयॉर्कचे लोकही आपल्यासारखेच म्हणून बरं वाटतं, पण ते सोडा. तुमच्या कामाच्या त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, त्या रात्री तुम्ही बऱ्याच मागे होतात. ज्यांचा नंबर गेला ते कुटुंब तुमच्या पुढे उभं होतं. त्यांना हळूच विचारायचं होतं, "तुमचा नंबर होता ना?" त्यांनी हो म्हटलं असतं तर बोलणारे दोन झाले असते. त्यांनी 'जाऊ द्या हो' म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की इथे झेंडा घेऊन पुढे जायचं कारण नाही. आणि यादी ज्याच्या हातात होती त्या माणसाला विचारायचं होतं, घुसणाऱ्यांना नव्हे. "आता कुठला नंबर चाललाय?" एवढंच. त्याला त्याचं काम करावं लागतं आणि तुमचा कुणाशी सामना होत नाही. हल्ली सामना झाला की खिशातून फोन निघतो, हे तर तुम्ही अनुभवलंच. दारू प्यायलेला, रात्रीच्या रस्त्यावर गाडी आडवी घालणारा, टोळक्याने उभे असलेले, यांच्याशी तर बोलायचंच नाही. तिथे धैर्याचा प्रश्न नाही, सुखरूप घरी पोचायचा आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही समजून चाललाय की तुम्ही बोलला नाहीत तर कुणीच बोलणार नाही. तसं नसतं. पुष्कळांच्या ओठावर आलेलं असतं, ते पहिल्याची वाट बघत असतात आणि त्याहून जास्त दुसऱ्याची. म्हणून यंदा पहिलं बोलायचं जरा कमी करा आणि दुसरं बोलायला शिका. डब्यात दुसरी कुणी "आवाज कमी करा हो" म्हणाली की खिडकीबाहेर बघू नका. "हो ना, बरं होईल" एवढं म्हणा. याला हिंमत जवळजवळ लागत नाही आणि त्या बाईला जो आधार मिळतो तो तुम्हाला आजवर कुणी दिला नाही, म्हणूनच तुम्हाला त्याची किंमत कळेल.

आजवर दिला नाही, यावरून 'हेडबाई'. तुम्ही लिहिलंय की गेटसमोरचा पालिकेचा दिवा महिनोन्‌महिने बंद होता, तुम्ही अर्ज करकरून लावून घेतला आणि कुणी साधं 'बरं झालं' म्हटलं नाही. नाव मात्र चिकटलं. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. हेच सगळं तुमच्या यजमानांनी केलं असतं तर त्यांना 'शिस्तीचा माणूस' म्हटलं असतं आणि पुढच्या निवडणुकीत सेक्रेटरी केलं असतं. बाईने नियम सांगितला की तो कटकट ठरतो. त्या नावातला तेवढा भाग तुमचा नाहीच, तो मनाला लावून घेऊ नका. उरलेल्या भागाचा विचार करा: लोक तुम्हाला फक्त काहीतरी चुकलं की भेटतात का? दारावरची बेल वाजली आणि बाहेर तुम्ही असाल तर आतला माणूस मनात काय म्हणत असेल?

यावर उपाय आपल्याच पंचांगात आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे कुणाच्याही दारात जायला कारण लागत नाही. हळदीकुंकवाला बोलवा, तिळगूळ घेऊन जा. चपलांचं कपाट मांडणाऱ्या घरी आधी जा. त्या दिवशी कपाटाचा विषय काढायचा नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. फेब्रुवारीत तुम्ही जेव्हा म्हणाल, "अहो, जिन्यातून स्ट्रेचर न्यायची वेळ आली तर वळणार नाही हो तिथे," तेव्हा ते ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर भांडखोर शेजारीण नसेल. आणि कारणही बघा कसं दिलं. स्ट्रेचर, आग, म्हातारी माणसं. 'बाकीच्यांनी ठेवलं तर चालेल का तुम्हाला' असं नव्हे. पॅसेज आणि जिना सगळ्यांच्या मालकीचा असतो, हे त्यांनाही ठाऊक असतं. ठाऊक असलेलं चारचौघांत ऐकवलं की माणूस हट्टाला पेटतो.

तरीही नाही हललं तर सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, नाव न घेता: 'सर्व मजल्यांवरील पॅसेज मोकळे ठेवण्याबाबत.' कमिटीची बैठक दर महिन्याला व्हायला हवी, तिच्यापुढे ते ठेवायला सांगा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, तिथे ठराव मांडता येतो. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभाही बोलवावी लागते, पण चपलांसाठी एवढं करू नका, लोक कायमचे हसतील. ते पाण्याच्या टाकीसाठी राखून ठेवा.

कचऱ्याबद्दल तुम्ही ग्रुपवर टाकलेला मेसेज पत्रात उतरवला आहे: "आपल्या विंगमध्ये बहुतेक सगळेच कचरा एकत्र टाकतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे." हेतू चांगला, पण परिणाम उलटा होणार. अमेरिकेतच ॲरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. अतिप्राचीन झाडं दगड होऊन पडली आहेत आणि पर्यटक त्यांचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. 'आजवर पुष्कळ पर्यटकांनी तुकडे नेले, त्यामुळे जंगलाचं रूप बदललं' अशा अर्थाच्या पाटीने चोरी वाढली. 'कृपया नेऊ नका' या साध्या पाटीशी तिची तुलना केली तर साधी पाटी कितीतरी बरी ठरली. सगळेच करतात हे कळलं की उरलेल्यांनाही मोकळीक मिळते. तुमच्या मेसेजने वेगळा कचरा करणाऱ्या चार घरांना कळलं की आपणच मूर्ख. त्याऐवजी खरं असेल तेवढंच, पण दुसऱ्या टोकाने लिहा: "तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांनी या महिन्यात ओला-सुका वेगळा दिला." बाकी काही नको. खाली हसरे चेहरे येतील, आणि दुसऱ्या मजल्याला झोंबेल ते वेगळंच.

हाच धागा धरून एक उदाहरण. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं होतं, त्याची चित्रफीत जानेवारी २०२० मध्ये सगळीकडे फिरली. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. एकाने हॉर्न दाबला की सगळेच अडकणार. म्हणजे त्याला गप्प करायचं काम पोलिसाचं उरत नाही, शेजारच्या रिक्षावाल्याचं होतं. प्रयोग थोड्याच ठिकाणी झाला, पण त्यातली युक्ती सोसायटीतही चालते. चुकणाऱ्याला तुम्ही एकट्याने टोचण्यापेक्षा, त्याच्या चुकीचा भार सगळ्यांना जाणवेल अशी व्यवस्था कमिटीला सुचवा. तीन मजल्यांमिळून कचऱ्याचा एकच ड्रम असला की कुणाचंच नाव येत नाही. मजल्यागणिक वेगळा ड्रम आला की मजलेच आपापसांत बोलायला लागतात.

आता जरा बोचेल असं. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलाय, "दूध आणायला दोन मिनिटं डेअरीसमोर स्कूटर लावली तर रिक्षावाले इतके हॉर्न वाजवतात की विचारू नका." तुमच्या दोन मिनिटांना कारण होतं. सासूबाईंचं दूध, पुढे गाठायची गाडी. रिक्षावाल्याला ते कारण दिसलं नाही, त्याला आडवी स्कूटर दिसली. आपलं वागणं आपल्याला कारणासकट दिसतं, दुसऱ्याचं नुसतंच दिसतं. स्कूटर कुठे लावायची ते तुम्ही बघाल, त्यावर मी प्रवचन देत नाही. पण रीलवालीच्या बाबतीतही 'हिला अक्कल नाही' याच्या आधी 'असेल काहीतरी' एवढी जागा ठेवून बघा. मग बोला. बोलू नका असं मी म्हणतच नाहीये.

आणि मुलगा. तो तुमच्या बोलण्याला कंटाळलाय असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं तो त्या कॅमेऱ्याला घाबरला. त्याच्या वयाच्या मुलांचं सगळं जग त्या फोनमध्ये आहे, आपल्या आईची क्लिप कॉलेजच्या ग्रुपवर फिरेल ही भीती त्याला सासूबाईंच्या नाराजीपेक्षा किंवा शेजाऱ्यांच्या बोलण्यापेक्षा फार मोठी आहे. त्याला वर्षभराचं मौन नकोय, आधी सूचना हवी आहे. त्याला सांगा, "तू बरोबर असशील तेव्हा मी अनोळखी माणसांशी वाद घालणार नाही. काही बोलायचं झालं तर आधी तुझ्याकडे बघेन." एवढा करार त्याच्यापुरता. यात तुम्ही हरत नाही. मुलाबरोबरची संध्याकाळ आणि रांगेतला न्याय यांतलं एकच मिळणार असेल तर मी डोळे झाकून संध्याकाळ घेईन, न्यायाला दुसऱ्या दिवशी सोमवार आहेच. त्याला एकदा विचाराही, की त्याला स्वतःला कुठे बोलावंसं वाटतं आणि तो बोलत नाही. त्याच्याकडेही यादी असेल, ती तुमच्यापेक्षा वेगळी असेल, आणि तिच्यात कदाचित घरातलीच नावं असतील. ऐकून घ्या.

संकल्प करायचाच असेल तर वर्षाचा करू नका. १ जानेवारी ते गुढीपाडवा, एवढाच. एकच विषय निवडा. माझ्या मते ओला-सुका कचरा, कारण त्यात नियम आहे, मालक आहे आणि परिणाम दिसतो. बाकी सगळ्यावर या काळात पहिल्या मिनिटाला एक वाक्य, नाहीतर काहीच नाही. पाडव्याला बघा काय जमलं. जमलं नाही तर पुन्हा सुरू करायला दिवाळीचा पाडवा आहे. नव्या वर्षांच्या बाबतीत आपण मराठी माणसं चांगलीच सुखवस्तू आहोत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ३१ तारखेच्या गच्चीवरच्या पार्टीचा उल्लेख केलाय आणि गेल्या वर्षी पावणेबाराला वर जाऊन भांडलात हेही लिहिलंय. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ध्वनिक्षेपकाला रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं आणि आपल्याकडे ३१ डिसेंबर सहसा त्या यादीत असतो. ठाणे जिल्हाधिकाऱ्यांचा यंदाचा आदेश बघून घ्या. सवलत असेल तर पावणेबाराला तुमची तक्रार नियमात बसणार नाही, हे लक्षात ठेवा, आणि सवलतीच्या दिवशीही आवाजाची मर्यादा सुटत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्या. मात्र वर जाऊन नव्हे, आजच. आयोजकांपैकी ज्याच्याशी तुमचं बरं आहे त्याला गाठा: सासूबाईंची झोप, स्पीकरचं तोंड कुठल्या बाजूला असेल, बाराला बंद करणार ना. सेक्रेटरींना त्याच बोलण्यात सामील करून घ्या. बारानंतरही चालूच राहिलं तर दहा मिनिटं जाऊ द्या, आयोजकाला एक फोन करा, आणि तरीही थांबलं नाही तर ११२ लावा. तक्रार कुणी केली हे लपवायचं की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. लपवण्यात काही चूक नाही, शेजाऱ्यांचं रोज तोंड बघायचं असतं. पण तुमचा स्वभाव पाहता तुम्ही फोन करण्याआधीच त्यांना सांगून टाकाल की आता मी फोन करतेय. तसं असेल तर यजमानांना आधी उठवा आणि त्या फोनच्या वेळी शेजारी उभं राहायला सांगा.